हळदीकुंकवाचा सेल

लग्नाला दोन महिने झाले होते, त्यामुळे सासरी माझं तोंड फक्त "हो आई" म्हणायला उघडायचं. त्या दिवसांत एका संस्थेच्या ताई आमच्या वरवट बकालच्या वस्तीत आल्या. आई-बाप, आजी-आजोबा, सगळ्यांनी लेकरांसोबत विज्ञान शिकायचं होतं. सेलला वायर जोडून ज्या घराचा बल्ब लागेल, त्या लेकराला ते सगळं सामान घरी मिळणार होतं. आमची पुतणी परी तर आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती.

तिने वायर उचलली, तर सासूबाई म्हणाल्या, "थांब वं परे, नवी वस्तू हाये." मग सेलच्या दोन्ही टोकांना हळदीकुंकू फासून त्यांनी वर अक्षताही चिकटवल्या.

बल्ब लागला नाही. शेजाऱ्यांचा लागला.

"बल्बच उडेल हाये," सासरे ताईंना म्हणाले. "मले नका सांगू, शेतातली मोटर मीच जोडतो."

ताईंनी बिचाऱ्यांनी बल्ब बदलून दिला. तोही लागेना. परीचे डोळे भरले.

माझी फिजिक्सची पदवी पेटीत साड्यांखाली आहे, आणि तिथे ती सुखी आहे. मी पदराने सेलची टोकं पुसली आणि तो परीच्या हातात दिला. बल्ब लख्ख लागला.

"पाह्यलं? पूजेचा गुण," सासूबाई ताईंना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, तू बी शिक काही. का जिंदगीभर पुसतच राहशीन?"

"हो आई," मी म्हणाले.