पत्त्यातलं डावीकडचं नाव

आजच्या मेजवानीच्या अध्यक्षस्थानी असलेल्या, होशिंग नळ कारखान्याच्या मालकीणबाई श्रीमती युए-शिया, त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे चिरंजीव, आमचे महाव्यवस्थापक श्री. पो-युआन, आपल्या आळीचे प्रमुख, ज्यांनी मघाशी माझं गुणगान करताना कागदावरून एकदाही मान वर केली नाही, ओतकाम, घासकाम आणि बांधणी विभागातले माझे बंधुभगिनी, आणि मागच्या टेबलांवर सोडतीतल्या स्कूटरकडे डोळे लावून बसलेली तरुण मंडळी, तुम्हा सर्वांना न्येन सु-च्यूचा नमस्कार.

स्कूटर कुठे पळून जात नाही, जरा धीर धरा. एकतीस वर्षांत या मंडपात मला पहिल्यांदाच माइक मिळालाय, आणि बाहेर आपल्या लुगांगचा वारा असा सुटलाय की ओरडूनच बोलावं लागणार. माझा आवाज चढलेला वाटला तर दोष वाऱ्याला द्या. निदान सुरुवातीला तरी.

आधी आभार मानते. तीन वक्त्यांनी माझे इतके गुण सांगितले, की मला प्रश्न पडला, एवढी गुणी बाई आहे तर हिला काढताय कशाला? मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. पण म्हैस अजून उभी आहे, आणि तिला सगळं ऐकू येतंय.

कोंबडीबद्दलही आभार मानायला हवेत. वर्षअखेरच्या जेवणात कोंबडीची चोच ज्याच्याकडे, त्याचं काम सुटलं, हे आपण लहानपणापासून बघतोय. थोरले मालक दरवर्षी ती चोच स्वतःकडे वळवून घ्यायचे आणि म्हणायचे, "चला, यंदाही मीच निघालो!" सगळे हसायचे आणि मगच घास घ्यायचे. यंदा आमच्या टेबलावर कोंबडी मुंडक्याशिवाय आली. धाकट्या मालकांची ही नजाकत. मान कापायची, पण चोच कुणाकडे ते दिसू द्यायचं नाही.

आणि ही भेटवस्तू. लाकडी पाटावर बसवलेला सोन्याचं पाणी दिलेला नळ, खाली माझं नाव कोरलेलं. फार सुंदर आहे. पो-युआन, हा नव्या मालातला का? याच्या पितळात शिसं किती, ते तपासलंय का? नाही, सहज विचारलं. तुम्ही जेवा.

आता गोष्ट सांगते. चोवीस वर्षांपूर्वीची आहे. थोरल्या मालकांबरोबर मी जर्मनीतल्या प्रदर्शनात गेले होते. हेन्रिक नावाचा एक डॅनिश खरेदीदार आमच्या टेबलाशी आला. नळ उघडून बघितला, बंद करून बघितला, मान डोलावली. मग आमचं कार्ड हातात घेतलं. त्यावर ईमेलचा पत्ता होता फुकटातला, शाळेतली पोरं वापरायची तसला. आधी कारखान्याचं नाव, पुढे चार वेळा आठचा आकडा, कारण आठ शुभ म्हणून मालकांना आठाचं वेड. हेन्रिकने विचारलं, "बाई, तुमचा कारखाना खरंच आहे, की एखाद्या खोलीत बसून दुसऱ्यांचे नळ विकता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतल्या दिवशीच मी मालकांच्या खोलीत गेले. म्हटलं, मालक, आपल्या कारखान्याच्या नावाचा स्वतःचा पत्ता घेऊ. त्याला डोमेन म्हणतात. नोंदणी करायची आणि दरवर्षी ती पुढे चालू ठेवायची.

"म्हणजे माझ्याच नावाचं मी भाडं भरायचं?" मालक कडाडले. "अगं च्यू, हे नाव माझ्या बापानं ठेवलं. फुकट ठेवलं!"

"भाडं नाही हो, पाटी आहे ती. आपल्या दारावर पाटी नको?"

"पाटी हातात धरता येते. ही धरता येते का? जे हातात धरता येत नाही त्यावर मी शिक्का मारत नाही. ज्योतिष्यानं सांगितलंय, यंदा कुठेही शिक्का मारू नको."

मालकीणबाई, तुम्ही हसताय. कारखान्याचा शिक्का तुमच्याच तिजोरीत होता, तुम्हाला आठवत असेल. मी तुमच्याकडेही आले होते. तुम्ही म्हणालात, "ते नाही म्हणाले ना? मग मी मेले तरी देणार नाही."

मग मी काय करायचं? तीन दिवस थांबले. अर्जात मालकाचं नाव असा रकाना होता, तिथे माझं नाव लिहिलं आणि सहीच्या जागी माझा स्वतःचा शिक्का मारला. नवी कार्डं छापून आली. पत्त्यातल्या त्या गोल शेपटीच्या @ चिन्हाच्या डावीकडे माणसाचं नाव, उजवीकडे होशिंगचं. ती बघितली आणि मालकांचा नूर पालटला. कार्डांचा गठ्ठा घेऊन थेट माझू देवीच्या देवळात गेले आणि धूपपात्रावरून तीनदा फिरवून आणला. परत येऊन सगळ्यांना सांगत सुटले, "मी म्हणतच होतो, पाटी पाहिजे!"

हेन्रिकला त्या पत्त्यावरून पहिलं पत्र मी लिहिलं. त्याचं उत्तर एका ओळीचं होतं. "आता दिसला तुमचा कारखाना." तेव्हापासून तो माल घेतोय. डेन्मार्कमधल्या शाळांत मुलं ज्या नळाला तोंड लावून पाणी पितात, तो नळ आपला आहे. कुओ-तुंगदादा, तुमच्या भट्टीतला. दर खेपेला हेन्रिक एकच प्रश्न विचारतो, शिसं किती? आणि दर खेपेला मी तपासणीचा कागद स्वतः डोळ्यांनी बघितल्यावरच उत्तर लिहिलं. कधी माल आठ दिवस अडला. मालकांनी मला शिव्या घातल्या. पण कागद आल्याशिवाय लिही, असं तो माणूस कधी म्हणाला नाही.

नंतर मालक गेले. पो-युआन परदेशातून शिकून आले. त्यांनी मला सांगितलं, "च्यूमावशी, आता पत्रं कॉम्प्युटरच लिहितो. तुम्ही आराम करा." बरं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या ईमेलचं कुलूप बदललं. मला वाटलं, बंद केली माझी पत्रांची पेटी. मनाला लागलं, घरी जाऊन रडलेसुद्धा, पण म्हटलं, असतं एकेकाचं.

सोमवारी घरी फोन आला. हेन्रिकचा. चोवीस वर्षांत त्याने घरी कधी फोन केला नव्हता. म्हणाला, "सु-च्यू, तुझं पत्र मिळालं. पण तू तपासणीचा कागद जोडला नाहीस. तू कागद विसरत नाहीस. तब्येत बरी आहे ना?"

मी विचारलं, कुठलं पत्र?

त्याने वाचून दाखवलं. नव्या मालात शिसं नाही, मी स्वतः खात्री केली आहे. खाली सही, न्येन सु-च्यू.

बसा, पो-युआन. माइकच्या पोराला खुणा करू नका, त्याच्या आईला या कारखान्यात मी कामाला लावलंय, तो बंद करणार नाही.

मी मंगळवारी यांच्या खोलीत गेले. विचारलं, तपासणी झाली का? म्हणाले, "पुढच्या महिन्यात होईल. तोवर लिहायला काय जातं?" मग माझ्या नावाने का लिहिलंत, स्वतःच्या नावाने लिहायचं होतं! तर म्हणाले, आणि हे मी शब्दाला शब्द सांगतेय, "मावशी, तुमचं नाव बघितलं की तो डोळे मिटून माल घेतो. आणि पत्ता काही तुमचा नाही. पत्ता कंपनीचा असतो."

कुओ-तुंगदादा, सप्टेंबरपासून भट्टीत कुठलं पितळ पडतंय, ते मी तुम्हाला इथे विचारणार नाही. तुम्हाला घरी मुलं आहेत. फक्त मी बोलतेय तोवर मान खाली घालून सूप पिऊ नका.

पत्ता कंपनीचा असतो! मी घरी गेले आणि जिथे आपली नोंदणी आहे तिथे फोन लावला. तिथल्या मुलीला म्हटलं, बाळ, होशिंगचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते बघून सांग. ती म्हणाली, "न्येन सु-च्यू. दरवर्षी त्याच चालू ठेवतात." मी म्हटलं, मला त्यातली एक पेटी परत हवी आहे, परवानगी कुणाची लागेल? ती हसायला लागली. "आजी, ज्या न्येन सु-च्यू आहेत त्यांची."

घाबरू नका, तुमच्या कुणाच्या पेटीला मी हात लावलेला नाही. लावू शकत होते. व्यासपीठावरच्या प्रत्येकाच्या खिशात जे कार्ड आहे, त्यातली चिन्हाच्या उजवीकडची बाजू चोवीस वर्षं माझी होती, आणि हे शिकून आलेल्या एकाही शहाण्याने कधी तपासलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मी फक्त माझी पेटी घेतली. आणि आज दुपारी चार वाजता तिच्यातून एक पत्र पाठवलं. छोटंच आहे, वाचून दाखवते.

"प्रिय हेन्रिक, बारा तारखेचं पत्र माझं नाही. तपासणीचा कागद मी बघितलेला नाही, कारण तो अजून नाही. कागद येईपर्यंत माल मुलांच्या तोंडाशी जाऊ देऊ नका. न्येन सु-च्यू."

मागे कुजबुज चाललीये, ती ऐकतेय मी. माल अडेल, नव्या वर्षाचा बोनस अडेल, ही म्हातारी जाता जाता आमच्या पोटावर पाय देऊन चालली. खरं आहे, अडेल. माझ्यावर राग धरायचा असेल तर धरा. पण शाळेतल्या पोराच्या पोटात शिसं गेलं असतं तर बोनस घेऊन आपण कुठल्या देवळात धूप लावला असता?

मालकीणबाई, हा लाल लिफाफा तुमच्यासाठी आहे. तुमच्या मुलाच्या हातात देणार नाही, म्हणून तुम्हीच उठा. डोमेन कारखान्याच्या नावावर करायचे कागद आहेत, माझा शिक्का मारलेला आहे. तुमचा शिक्का तिजोरीतून काढा आणि या वेळी तरी मारा. घरी ठेवून घ्यावा असं दोन रात्री मनात आलं, खोटं कशाला बोलू? पण त्या नावावर दीडशे घरांच्या चुली आहेत. ते नाव तुमच्या सासऱ्यांनी ठेवलंय, माझ्या बापाने नाही.

डावीकडचं मात्र माझ्या बापाने ठेवलंय. ते मी घेऊन चाललेय. तो पत्ता आजपासून बंद. हा नळही इथेच ठेवते, तपासणीला उपयोगी पडेल.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. स्वयंपाक्यांचे आभार, शिंपल्यांचं कालवण उत्तम झालंय. या एकतीस वर्षांत आणि आजच्या बोलण्यात माझ्या हातून जे काही उणंअधिक झालं असेल, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागते. आणि जे माझ्या हातून झालेलं नाही, त्याच्याखाली माझं नाव लिहू नका.

काढा आता सोडत.