वरच्या मजल्यावरील थोरली व धाकटी यांच्याबाबत

जबाब देणारीचे नाव सहीप्रमाणे. वय बावीस वर्षे. व्यवसाय: भाषा विषयाचे पदव्युत्तर शिक्षण. राहणार: छापखान्यामागील रस्ता, तीन मजली इमारत, वरचा मजला, जिन्यालगतचे घर.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून, कोणत्याही दबावाशिवाय सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे वडील व आत्या यांच्यासह राहते. ‘कोणत्याही दबावाशिवाय’ हे शब्द आमच्या खालच्या मजल्यावर नव्याने राहण्यास आलेल्या परिचारिकाबाईंच्या आग्रहावरून घातले आहेत. त्यास माझी हरकत नाही.

वडील चष्म्याच्या दुकानात नजर तपासण्याचे काम करतात. आत्या ही त्यांची मोठी बहीण असून शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली आहे. गेल्या काही वर्षांत तिची नजर अधू होत गेली. आता कोणत्याही भिंगाचा उपयोग होणार नाही, हे वडिलांनीच तपासून तिला सांगितले. ते त्यांनी दुकानात सांगितले, घरी नाही. तेव्हापासून आत्या सार्वजनिक वाचनालयातून ध्वनिमुद्रित पुस्तके आणून ऐकते. घरातील जुन्या संचावर शब्द एकमेकांत मिसळतात, ‘मन’ कोणते आणि ‘मत’ कोणते ते कळत नाही, अशी तिची तक्रार होती. त्यामुळे स्पीकर आहेत तेच ठेवून त्यांना चालवणारा चांगला ॲम्प्लिफायर घ्यावा, असे घरात ठरले.

ध्वनिसाहित्याच्या दुकानाचे मालक, ज्यांना सर्व गिऱ्हाइके कानसेन म्हणतात, यांनी दोन यंत्रे पसंतीसाठी घरी दिली. “दुकानात सगळेच गोड बोलतात. घरी न्या, मग कळेल कोण कसं वागतं ते,” असे ते म्हणाले. पैकी एक मोठा रिसीव्हर असून त्यात रेडिओ आहे, बटणे पुष्कळ आहेत व वॉटही जास्त आहेत. दुसरा साधा ॲम्प्लिफायर असून तो जुना पण दुरुस्त केलेला आहे व त्यास तीनच खुंट्या आहेत. आत्याने पहिल्याच दिवशी त्यांना अनुक्रमे थोरली व धाकटी म्हणण्यास सुरुवात केली. तिच्या दृष्टीने दोन्ही पेट्याच असल्याने स्त्रीलिंग वापरले आहे. पुढील घटना समजण्यासाठी हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

कानसेन यांनी वडिलांना असेही बजावले होते की, “वॉट मोजत बसू नका. खोली केवढी आणि ऐकणार काय, ते बघा. आणि दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जो मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, तिथंच माणूस फसतो. शक्यतो ओळखीच्या माणसाचा आवाज लावा. गाण्यात खपून जातं, ओळखीच्या आवाजात नाही खपत.”

आज दुपारी मी घरी नव्हते. वडिलांनी आत्याला खुर्चीवर बसवून दुकानातील पद्धतीने तपासणी सुरू केली. ही पद्धत अशी की, डोळ्यासमोर एक भिंग धरायचे, मग दुसरे धरायचे, आणि आता बरे की आधी बरे, एवढेच विचारायचे. आत्याला वस्तूंचे आकार अजून दिसतात, म्हणून त्यांनी दोन्ही यंत्रांवर चादर घातली व एका खटक्याने कधी हे, कधी ते यंत्र स्पीकरला जोडून एकच उतारा पुन्हा पुन्हा लावला. स्वयंपाकघरातून कसे ऐकू येते हे पाहण्यासाठी आवाज वाढवला. खिडकी उघडी होती.

तो उतारा एका जुन्या कादंबरीतील आहे. त्यात नायिकेला तिचा दीर धान्याच्या कोठारात कोंडतो. तिचे शब्द असे: “दार उघडा. मी कुणाला काही सांगणार नाही. नुसतं दार उघडा.”

परिचारिकाबाई रात्रपाळी करून आल्या होत्या व झोपल्या होत्या. त्या आवाजाने त्यांना जाग आली. त्यांनी खिडकीशी उभे राहून जे ऐकले ते त्यांच्या तक्रारीत आहे. वडिलांनी व आत्याने माझ्या समक्ष ते सर्व मान्य केले आहे. ते असे:

“थोरलीला गप्प कर. धाकटीला बोलू दे आता.”

“आता बरं वाटतंय, की आधी बरं होतं?”

“धाकटीची डावी बाजू मेली की काय रे?”

“थांब अक्का, आवळतो.”

“आणि थोरली केवढी तापलीय! काढ ती चादर तोंडावरची, श्वास घेऊ दे तिला.”

यातील ‘आवळतो’ हे क्रियापद स्पीकरच्या सुटलेल्या वायरीस उद्देशून आहे. चादर थोरली निवल्यावर पुन्हा घालण्यात आली.

परिचारिकाबाईंनी ताबडतोब पोलिसांना कळवले. हवालदार दोन शिपायांसह आले व त्यांनी दोन्ही मुली कुठे आहेत, असे विचारले. कोणत्या मुली, असे वडिलांनी विचारले. थोरली आणि धाकटी, असे हवालदार म्हणाले. त्यावर वडिलांनी, “दोघी टेबलावर आहेत, चादरीखाली,” असे उत्तर दिले. हे उत्तर खरे आहे.

चादर काढल्यावर यंत्रे दिसली. प्रकरण तिथेच मिटले असते. परंतु विनवणी करणारा आवाज कोणाचा, या प्रश्नास वडिलांनी उत्तर देण्याचे नाकारले. “पुस्तक आहे,” एवढेच ते म्हणाले. पुस्तकात कोण बोलतंय, असे विचारले असता त्यांनी आत्याकडे पाहिले. आत्या म्हणाली, “ज्याचा आवाज आहे त्याला विचारा. आम्ही नाही सांगणार.” घरात तिसऱ्या व्यक्तीचे कपडे, पुस्तके व चपला होत्या. ती व्यक्ती कुठे आहे, असे विचारून माझा फोन लावला असता तो बंद लागला. त्यामुळे वडील व आत्या यांना चौकशीसाठी येथे आणण्यात आले. हवालदारांच्या जागी मी असते तर मीही त्यांना आणले असते.

माझा फोन बंद असण्याचे कारण असे की, मी वाचनालयातील ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होते. तेथे दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित केली जातात. वाचणाऱ्याचे नाव ध्वनिमुद्रणात सांगितले जात नाही. मी तेथे दीड वर्षापासून वाचते. घरी मी अभ्यासाला जाते असेच सांगितलेले आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही. आत्या मला लाडाने कुजबूज म्हणते. त्या खोलीत समोर फक्त भिंत असते. वरील उतारा मीच वाचलेला आहे व तो आवाज माझाच आहे.

फोन सुरू करताच निरोप पाहून मी ठाण्यात आले. वडील व आत्या बाहेरच्या बाकावर होते. वडिलांनी माझ्याकडे पाहिले व म्हणाले, “आम्ही काही सांगितलेलं नाही हं.” त्यांना हे माझ्याबद्दल ठाऊक आहे, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

मला आतील खोलीत बसवण्यात आले. परिचारिकाबाईंनी माझा हात हातात घेतला व नाडी पाहिली. “घाबरू नकोस, बाळा. बाहेर बघू नकोस, माझ्याकडे बघून सांग. मारतात का तुला?” मी नाही म्हटले. ते कोणास ऐकू आले नाही. पुन्हा म्हटले. बाई हवालदारांना म्हणाल्या, “बघितलंत? तोंडातून शब्द फुटत नाही पोरीच्या.” ती माझी नेहमीची बोलण्याची पद्धत आहे, हे पटवून देण्यासाठी मला त्याच पद्धतीने बोलावे लागले व त्यामुळे संशय वाढला.

आवाज माझाच असल्याचे मी सांगितले. बाईंनी ठामपणे नाकारले. “शक्य नाही. त्या बाईचा आवाज भारी होता, पार छातीतून आलेला. मी वीस वर्षं रुग्णांचे आवाज ऐकतेय. ही ती नव्हे. ती दुसरीच कुणीतरी आहे आणि ती अजून सापडलेली नाही.” ठाणे अंमलदारांनी वडिलांना थांबवून ठेवण्याबाबत व घराची पुन्हा झडती घेण्याबाबत हवालदारांना सांगितले. शिपाई वडिलांना बाकावरून उठवण्यास गेले.

तेव्हा मी उतारा म्हणून दाखवण्याची परवानगी मागितली. ही मागणी मी स्वतः होऊन केली. उतारा मला पाठ आहे. समोर माणसे असताना मी आजवर कधी वाचलेले नाही, म्हणून मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले. मग कपाटाच्या काचेत सर्वजण दिसू लागल्याने पुन्हा वळले.

मी सुरुवातीपासून कोठाराच्या प्रसंगाच्या अखेरपर्यंत म्हटले. मध्ये थांबले नाही. शेजारच्या खोलीतील टंकलेखन थांबले. सायकल हरवल्याची तक्रार देण्यास आलेले गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. माझे म्हणून झाल्यावर हवालदारांनी विचारले, “उघडलं का मग दार?” मी, पुढच्या प्रकरणात, असे सांगितले. सायकलवाले गृहस्थ म्हणाले, “अहो, कोण उघडतं, तेवढं तरी सांगा!” हा प्रश्न या प्रकरणाशी संबंधित नसल्याने ठाणे अंमलदारांनी तो नोंदवू नये असे सांगितले, तरीही हवालदारांनी तो नोंदवला आहे.

त्याच वेळी बाहेरील बाकावरून आत्याचा आवाज आला. “ऐकलंस ना रे? ही धाकटी! अगदी तंतोतंत धाकटी!”

वडील म्हणाले, “थोरलीत जरा भारदस्त वाटायची, अक्का. आणि थोरलीत रेडिओ आहे.”

“भारदस्त? पोरगी आहे ती, सरकारी वकील नव्हे! थोरली सगळ्यांनाच एका आवाजात बोलायला लावते. हिचं ‘नुसतं’ ऐकलंस? त्या ‘नु’वर ती जरा थांबते. धाकटीत ते कळत होतं, थोरलीत नाही. मी घसा फोडून सांगतेय तुला दुपारपासून.”

वडील म्हणाले, “खरं आहे. धाकटीच बरी.”

हे ऐकून परिचारिकाबाई बाहेर गेल्या व मग आपण ऐकला तो कोणाचा आवाज, असे त्यांनी विचारले. आत्या म्हणाली, “हिचाच हो. पण तुम्ही ऐकलीत ती थोरली. ती खालचे सूर फुगवते, मग कुणाचाही आवाज छातीतून आल्यासारखा वाटतो. कान तुमचे पक्के आहेत, दोष यंत्राचा.” बाई आत्याशेजारी बाकावर बसल्या. पुढचे प्रकरण कोणत्या दिवशी लावणार, असे त्यांनी विचारले. आत्याने त्यांना रविवारी येण्यास सांगितले आहे.

परिचारिकाबाईंविरुद्ध माझी व माझ्या कुटुंबाची कोणतीही तक्रार नाही. कोठूनही पुन्हा असा आवाज आल्यास त्यांनी पुन्हा कळवावे, अशी माझी विनंती आहे. थोरली उद्या कानसेन यांना परत करण्यात येईल. हवालदारांनी आधी ‘किंकाळ्या’ असा शब्द लिहिला होता, तो माझ्या सांगण्यावरून खोडून ‘विनवणी’ केला आहे.

वाचणारी मी आहे हे कधीपासून ठाऊक आहे, असे मी वडिलांना विचारले. “पहिल्या पुस्तकापासून. अक्काने दुसऱ्याच वाक्याला ओळखलं,” असे त्यांनी सांगितले. मग मला का सांगितले नाही, असे विचारले. “तू वाचायची थांबली असतीस,” असे ते म्हणाले. याबाबत मला आणखी काही सांगायचे नाही.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवण्यास घेतला असता, मी तो त्यांच्या हातून घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात स्वतः वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला असून बरोबर आहे.