चाकसूचा दयाळ

(एप्रिलमधली सकाळ. जयपूर, खातीपुऱ्यातल्या एका घराची गच्ची. विमा कंपनीतून निवृत्त झालेले वसंतराव आणि पक्ष्यांवर पीएच.डी. करणारी त्यांची नात वल्लरी. पाण्याच्या टाकीवर दयाळ पक्षी गातो आहे.)

वसंतराव: ...तर एकोणऐंशी साली, जयपूरला बदली होऊन पाच महिने झालेले. जौहरी बाजारात पहिल्यांदा मराठी कानावर पडलं. मी आणि तुझी आजी जागच्या जागी थांबलो.

वल्लरी: हं.

वसंतराव: ऐकतेयस ना?

वल्लरी: हो आजोबा. पाच महिने, जौहरी बाजार, मग त्या बाईंना घरी चहाला आणलं. दोन मिनिटं द्या ना. दुपारी माझ्या गाइडना, गार्गी मॅडमना, प्रबंधाचं प्रकरण पाठवायचंय, एवढा आलेख राहिलाय.

वसंतराव: कसला आलेख?

वल्लरी: हा बघा. इथल्या दयाळाला इथल्याच दुसऱ्या नराचं गाणं स्पीकरवर ऐकवलं, की तो भांडायला येतो. आपल्या इलाक्यात दुसरा नर नको असतो त्याला. पण चाकसूच्या दयाळाचं गाणं लावलं, तर ढिम्म. सातपैकी सात जण ढिम्म.

वसंतराव: चाकसू म्हणजे काय परदेश आहे? टोंक रोडने दीड तासात माणूस पोचतो.

वल्लरी: माणूस पोचतो. हे एवढे लांब जात नाहीत. आणि इथे ट्रॅफिक, म्हणून आपले उंच पट्टीत गातात. चाकसूचे आरामात. मतलब, गाणं वेगळं होत चाललंय. नराला जे आपलं वाटत नाही, ते उद्या मादीलाही वाटलं नाही, तर जोड्या जमणार नाहीत. हजारो पिढ्या असंच चाललं, तर एका जातीच्या दोन होतात. आत्ता झाल्यात असं नाही म्हणत मी. पहिली पायरी दिसतेय, बस. मॅडम म्हणाल्या, हे पक्कं असेल तर बंगळुरूच्या परिषदेत तू बोलायचं.

वसंतराव: तू एकटी?

वल्लरी: मी एकटी. चार वर्षांत पहिल्यांदा.

वसंतराव: हे सात पक्षी कुठले गं?

वल्लरी: एक हा टाकीवरचा. चार पार्कमधले, दोन मंदिरामागचे.

वसंतराव: म्हणजे माझ्या फिरण्याच्या वाटेवरचे.

वल्लरी: हो. का?

वसंतराव: आणि चाकसूचं गाणं? दिवाळीत माझ्या फोनवर पाठवलं होतंस, तेच?

वल्लरी: तेच. सगळ्यात साफ रेकॉर्डिंग तेच आहे, म्हणून सगळीकडे तेच वापरलं.

वसंतराव: वल्लरी, मांडीवरचा लॅपटॉप जरा खाली ठेव.

वल्लरी: काय झालं?

वसंतराव: मी ते गाणं रोज लावतो.

वल्लरी: घरात?

वसंतराव: बाहेर. बाकीचे खिशात भजन लावून फिरतात, मी हे लावतो. पूर्ण आवाजात. भीमराव भेटले, मीणाजी भेटले, की थांबून ऐकवतो. माझ्या नातीनं चाकसूला जाऊन रेकॉर्ड केलंय म्हणून सांगतो.

वल्लरी: कधीपासून?

वसंतराव: होळीपासून. पहिल्या दिवशी हा टाकीवरचा माझ्या टोपीला घासून गेला. मला वाटलं, खूश झाला.

वल्लरी: खूश नव्हता तो. हल्ला होता. मग?

वसंतराव: चार-पाच दिवस येत होता. नंतर बघेनासा झाला. पार्कातलेही तसेच.

वल्लरी: आणि मी गेल्या आठवड्यात मोजलं.

वसंतराव: मला काय ठाऊक, तू त्यांना तेच ऐकवणार आहेस.

वल्लरी: थांबा. चाकसूच्या दुसऱ्या नराचं गाणं आहे माझ्याकडे. तुम्हाला पाठवलेलं नाही. हे याने कधीच ऐकलेलं नाही. लावते. हलू नका.

वसंतराव: खाली उतरला. कठड्यावर आला.

वल्लरी: बघतेय.

वसंतराव: शेपूट वर केलं त्यानं. अगं, स्पीकरवरच येऊन बसला.

वल्लरी: बंद करते. बिचाऱ्याला उगाच त्रास.

वसंतराव: म्हणजे चाकसूचं गाणं त्याला कळतं.

वल्लरी: याला तरी चांगलं कळतं. बाकीचे सहा आता काय सांगतील, कुणास ठाऊक. माझी पण चूक आहे. एकाच रेकॉर्डिंगवर सगळं उभं करायचंच नव्हतं.

वसंतराव: मी बोललो नसतो, तर?

वल्लरी: प्रकरण गेलं असतं. कदाचित कुणाला कळलंही नसतं.

वसंतराव: आलं होतं तसं मनात. तू एकटी बोलणार म्हणालीस, तेव्हा वाटलं, गप्प बसावं. पण तीस वर्षं लोकांना सांगितलं, फॉर्मवर आजार लपवू नका. आता आपणच कसा लपवायचा? मला फार वाईट वाटतंय, बाळ.

वल्लरी: मला पण. आधी मॅडमना मेल टाकते.

वसंतराव: बरं.

वल्लरी: टाकली. आलेख रद्द, कारण नंतर सांगते म्हणून.

वसंतराव: बंगळुरू?

वल्लरी: यंदा नाही.

वसंतराव: एक विचारू? तो ऐकायचा का थांबला?

वल्लरी: ऐकतो तो. उत्तर देत नाही. रोज तोच आवाज, तेवढाच, आणि त्याच्यामागे कुणी येत नाही. मग कशाला ताकद घालवायची? सवय होते.

वसंतराव: म्हणजे नुसतं हं म्हणतो.

वल्लरी: आजोबा.

वसंतराव: तक्रार नाही गं. तुझ्या आजीला मीही हेच करायचो.

वल्लरी: उद्या रुळांपलीकडे जाते, रेल्वे कॉलनीत. तिकडे फिरायला जात नाही ना तुम्ही?

वसंतराव: गुडघे पूल चढू देतील तेव्हा ना.

वल्लरी: मग चला माझ्याबरोबर, ऑटोने. वेळ लिहून घ्यायला कुणी तरी हवं. फोन घरी ठेवायचा.

वसंतराव: ठेवतो. चहा टाकू का तुला?

वल्लरी: बसा आधी. ती जौहरी बाजारातली बाई. ती काय बोलत होती?

वसंतराव: कधी?

वल्लरी: तुम्ही दोघं थांबलात तेव्हा. नक्की शब्द काय होते?

वसंतराव: हे कधी कुणी विचारलंच नाही.

वल्लरी: मी विचारतेय.

वसंतराव: नवऱ्याला म्हणत होती, "अहो, पिशवी विसरलात ना परत?" माझ्या हातात पिशवी होती. तरी मी वळलो.