चेअरमनबाईंचं कॅल्शियम

मंडळी, बसा. मागच्यांनीबी बसून घ्या. नेकनूरची, वाड्यावस्त्यांवरची एवढी माणसं आज डेअरीच्या पटांगणात अक्कासाठी आली. तिचा धाकटा भाऊ म्हणून हात जोडतो. बोलायला उठलोय, पण अक्काचं नाव निघालं की राग येतो. नांदूरघाटला माझी पिठाची गिरणी हाय, आवाज मोठाच हाय. कुणाला वाटंल, हा चिडलाय. चिडलोच हाय.

आत्ता सगळे म्हणले, अक्का अचानक गेली. काय अचानक, मंडळी?

आमच्या बापाची बोटं आखडायची. हात वाकडा, तोंड वाकडं. गाव म्हणायचं, अंगात आलं. लोक नारळ घेऊन पाया पडायचे! अहो, त्याच्या रक्तात कॅल्शियम कमी होतं. कॅल्शियमला कुणी नारळ फोडतं का?

मग अक्काची बोटं आखडली. मी तिला घेऊन संभाजीनगरला गेलतो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांतून एक हार्मोन निघतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की ते हाडातून काढतं, जेवणातलं घ्यायला लावतं, लघवीवाटं जाऊ देत न्हाई. ते हार्मोन बनवायचं कसं, हे एका जनुकात लिहिलेलं असतं. आमच्या खानदानात तिथंच चूक हाय. बापाकडून आलेली. पुढं लेकराला येईल, न्हाई तर न्हाई. माझं रक्त तपासलं, तर माझ्यातबी तेच. उपाय काय? रोज गोळ्या, कॅल्शियमच्या अन ते अंगी लावणाऱ्या औषधाच्या, जन्मभर, अन अधनंमधनं रक्त तपासायचं. बस. मी घेतो. हे बघा, खिशात पाकीट हाय. गिरणी चालवतो, पोती उचलतो, काय बिघडलं माझं?

अक्कानंबी घेतल्या. मग बंद केल्या. कावून? विचारलं तर हसली. म्हणली, "गणू, मी दुधाची चेअरमन. मीच कॅल्शियमची गोळी खाल्ली तर लोक माझं दूध कावून घेतील? दोन पेले जास्त पिते की."

अगं अक्का, ते हार्मोनच न्हाई, तर दुधातलं कॅल्शियम अंगी लागंल कसं? उलट दुधातल्या फॉस्फरसनं आणखी बिघडतं, हे बाईंनी तुझ्या तोंडावर सांगितलं होतं. पण ऐकंल ती अक्का कसली! लई राग येतो तुझा. आज त्यो कुणावर काढू?

अन कारण तेवढंच नव्हतं. लेकीची, सारिकाची, सोयरीक चाललीय. घरात पाकिटं दिसली तर पाहुणे विचारतील, ही भीती.

मग त्या दिवशी सकाळी, दूध घालायच्या टायमाला, हितंच ती पडली. हातपाय ताठ. तुमी काय केलं? नाकाला कांदा लावला. चप्पल हुंगवली. कुणी म्हणलं, देवीचं वारं हाय, आधी लिंबू उतरवा. दुधाची गाडी दारात उभी होती, मंडळी! दवाखान्यात नेईस्तोवर संपली.

आता मला सांगा. म्हैस व्याली अन उठंना झाली, तर तुमी काय करता? बारकं लेकरूबी वरडतं, कॅल्शियम कमी झालं, डॉक्टरला फोन लावा. म्हशीच्या नाकाला कांदा लावता का? लावता का? बोला की! अक्कानंच घरोघर फिरून हे शिकवलं तुमाला. म्हशीचं औषध माणसाला चालत न्हाई, ते मलाबी कळतं. पण डॉक्टर तर आठवायचा!

दाजी, खुणावू नका. मी बसणार न्हाई. कडा गावचे सोयरिकीचे पाहुणे समोर बसलेत, त्यांच्यासमोरच बोलतो. आज सभेला निघताना सारिकाची बोटं आखडली. तिची आत्या म्हणली, रडून रडून झालं. दाजी म्हणले, "सोयरीक होऊन जाऊ दे, मग तपासू." सोयरीक! अहो, ह्याच भीतीपायी तुमची बायको गेली. मी पोरीलाच विचारलं, बाई, चारचौघांत सांगू का? ती म्हणली, "सांगा मामा. मला आईवानी मरायचं न्हाई."

तर सांगितलं. पाहुणे, तुमाला पटलं तर राम राम, न्हाई पटलं तरी राम राम. गाडी बाहेर उभी हाय. हितून उठलो की मी भाचीला घेऊन थेट दवाखान्यात चाललोय. कुणी आडवं येऊ नका.

आता सगळे उठा. अक्कासाठी घडीभर शांत उभं राहू. सारिका, तू हितं माझ्याजवळ ये, बाळा. हात दे माझ्या हातात. अन बोटं आखडायला लागली तर मौन मोडायचं. लगीच वरडायचं. तुझ्या आईला चालंल.