दुसरी गोळी

डहाणूच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर नरपडचे एक चिकूच्या वाडीचे मालक आणि त्यांची बायको बसली होती.

“भाविका, हळू बोल. डॉक्टरांनी विचारलं तर सांगायचं, आपल्या वाडीत चिकू वेचताना रूपी कुंपणाच्या तारेवर पडली.”

“तारेने मांडीत गोळी शिरते का हो?”

“बावीस बोअरची आहे. एवढीशी गोळी.”

“निवडणूक संपली म्हणून पोलीस ठाण्यात जमा केलेली रायफल काल सोडवून आणलीत, आणि आज लगेच सशामागे! चिकूखाली वाकलेली बाई दिसली नाही तुम्हाला?”

“गवत हललं. मला ससाच वाटला.”

“एकदा वाटला. मग लिव्हर ओढून, नवी गोळी चढवून दुसरी का झाडलीत?”

“पहिली चुकली म्हणून.”

“पहिलीनंतर ती ओरडली होती, ‘शेठ, मी आहे’ म्हणून. मला ओटीवर ऐकू आलं.”

“मला नाही आलं.”

“खोटं.”

“अगं, लायसन जाईल! बाबांची रायफल आहे ती.”

“आणि तिचा पाय?”

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. “रूपीसोबत कोण आहे? काय लागलंय तिला?”

“डॉक्टर, ती तारेवर...”

“गोळी लागलीय, डॉक्टर. ह्यांनी झाडली. पोलिसांना फोन करा, मी इथेच बसलेय.”