पन्नास ॲना आणि एकही डॉर्सेट नाही

घुमारवीं गावच्या नर्सरीत सफरचंदाच्या कलमांसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे एक सून नि तिचा सासरा भांडत होते.

"रमिला, चल घरी. पाच वर्षं नुसती फुलं बघितली. सफरचंद वर कोटगढच्या बर्फातलं. आपला डोंगर गरम."

"पिताजी, आपल्या ॲना जातीला बर्फ लागतच नाही. फुलते की नाही?"

"फुलते. फळ कुठाय?"

"फळाला शेजारी डॉर्सेटचं झाड लागतं, त्याचा पराग लागतो. पण त्याचं फळ पिवळं, म्हणून तुम्ही पन्नासच्या पन्नास ॲनाच लावल्यात."

"म्हणजे चूक माझी?"

"मग काय मधमाश्यांची?"

"जीभ आवर. उद्या आरीवाला येतोय. सगळी तोडून आंबा लावणार."

"गेल्या वर्षी मी माहेरून डॉर्सेटच्या फुललेल्या फांद्या आणून, पाण्याच्या बाटल्यांत खोचून एका झाडावर टांगल्या होत्या."

"ती पाण्याच्या बाटल्यांची नौटंकी? सगळं गाव हसलं."

"हसू दे. तुम्ही तर रागाने बागेत फिरकलाच नाहीत. जूनमध्ये मिटक्या मारत सफरचंदं खाल्लीत, ती त्याच झाडाची."

"ती बाजारातली होती!"

"एकोणीस लागली होती."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तोंडात घातली असतीत?"

"पुढे कोण? बाई, काय देऊ?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"डॉर्सेट. दहा."

"ती पिवळी निघतात हं. लाल घ्या."

"लाल पन्नास आहेत. पिवळीच द्या. पिताजी, पोतं धरा."

"मी आरीवाल्याला शब्द दिलाय."

"येऊ दे, खड्डे खणेल. आणि पोतं नीट उघडा, मुळं मोडतायत."