छबूबाईची कुजबूज

मंडळी, मृदंग जरा थांबवा. आज काल्याचं कीर्तन. सात दिवस मी बोलतोय, तुम्ही ऐकताय, आणि आता मंडपामागं बुंदी पडायला लागलीय. वास तुम्हालाच येतोय असं समजू नका, मलाही येतोय! म्हणून लांबण लावत नाही. एकच प्रश्न विचारतो.

लेकराचं कौतुक कुणापुढं करावं?

शेजाऱ्यापुढं? करून बघा! तुम्ही म्हणणार, "आमचा पहिला आला," तो म्हणणार, "यंदा पेपर सोपेच होते." पाहुण्यापुढं? पाहुणा लगेच आपलं पोरगं बाहेर काढतो, आणि ते आपल्यापेक्षा दोन मार्क पुढंच असतं! मग देवापुढं? हां, आता माना हलायला लागल्या. "देवापुढं, महाराज!" बरोबर. आणि लेकरापुढं?

बघा, हलणाऱ्या माना थांबल्या! ए दादा, तो मोबाईल खिशात घाल, हा प्रश्न तुलाच आहे.

तर ऐका. सातारच्या बाजूला नदीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या तुम्ही दळणाचे डबे घेऊन तिथं जाल! त्या गावात छबूबाई म्हणून एक बाई. पिठाची गिरणी तिची. लेक दोन वर्षांची असताना नवरा गेला. माणूस गेला, गिरणी राहिली. बाईनं पदर खोचला आणि पट्टा चढवला. सोळा वर्षं! सकाळी काळी बाई आत जायची, दुपारी पांढरी होऊन बाहेर यायची.

आणि लेक? मयूरी! काय पोरगी सांगू — अभ्यासात हुशार, कामाला वाघ, बोलायला गोड. पण आईच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द? नाव नको! "मयू, डबा धुतलास? असा धुतात?" "मयू, उठ, सूर्य डोक्यावर आला!" सूर्य अजून डोंगराच्या पलीकडं असायचा, पण बाईच्या हिशेबी डोक्यावर!

अशी का वागायची? कारण होतं. मयू तीन वर्षांची असताना गावच्या जत्रेत छबूबाई चारचौघींत म्हणाली, "बघा गं माझी मयू, कशी गुटगुटीत झालीय!" झालं! त्याच संध्याकाळी पोरीला ताप. पाच दिवस दवाखान्यात. आईच्या मनात बसलं — नजर लागली! माझ्याच तोंडानं लागली! आता मला सांगा, ताप कौतुकानं आला होय? जत्रेत त्या पोरीनं बर्फाचे तीन गोळे खाल्ले होते, त्यांना कुणी विचारलं नाही! पण आईचं मन. तिनं त्या दिवशी ठरवलं, आजपासून माणसाच्या कानावर पोरीचं कौतुक घालायचं नाही.

पण मंडळी, कौतुक पोटात राहतं का? मग बाईनं वाट काढली. पोरगी गिरणी सांभाळण्याएवढी झाल्यावर रोज दिवेलागणीला तिला अर्धा तास गिरणीवर बसवायची आणि स्वतः मारुतीला जायची. दिवा लावायची, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसायची, तोंडाला हाताचा आडोसा करायची आणि देवाला हळूच सांगायची, आज मयूनं काय काय केलं.

आता "हळूच" म्हणजे कसं? विचार करा! सोळा वर्षं गिरणीत बसलेलं माणूस! कानाला ऐकू यायचं कमी, आणि स्वतःचा आवाज केवढा झालाय याचा पत्ताच नाही. बाई कुजबुजायला लागली की देवळासमोरच्या पारावर खणखणीत ऐकू यायचं! "मारुतीराया, आज की नई, तिनं दुधावरची साय स्वतः न खाता माझ्या वाटीत ठेवली! मी म्हटलं, सांडलीस का गं अर्धी? पण मला कळलं रे!"

पारावरची माणसं आधी बिचकली. मग सवय लागली. मग तर काय, जागा धरायला लागली! "चला, छबूबाईच्या बातम्यांची वेळ झाली." सहा वर्षं हे चाललं. पण गाव बघा कसं शहाणं. एकानंही तिला सांगितलं नाही. सांगितलं तर बाई बोलायची थांबेल. आणि मयूला तर कळायचा प्रश्नच नाही, कारण त्या वेळी ती गिरणीत आणि गिरणी चालू. अख्ख्या गावाला माहीत, छबूबाईचा जीव पोरीत किती आहे. माहीत नाही ते एकट्या पोरीलाच!

मयू बारावी झाली. परभणीला गुरांच्या डॉक्टरकीला नंबर लागला. गावातली पहिली मुलगी! शाळेनं शुक्रवारी सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. हेडमास्तर म्हणाले, "आता मयूरीच्या आईंनी दोन शब्द बोलावेत." आणि माईक दिला छबूबाईच्या हातात!

काय झालं असेल त्या माउलीचं? छाती अभिमानानं भरलेली, आणि समोर पाचशे माणसं. म्हणजे हजार डोळे! एका जत्रेच्या नजरेनं पाच दिवस ताप, मग हजार डोळ्यांनी काय होईल? बाई घाबरली. आणि बोलायला लागली —

"कसली हुशार? परवा आमटीत दोनदा मीठ घातलं हिनं. तीन हाका मारल्याशिवाय उठत नाही. निघालीय गुरांची डॉक्टर व्हायला, आणि घरात पाल दिसली की खुर्चीवर चढते!"

सगळी सभा हसली! का हसली? त्यांना माहीत होतं की हो, ही बाई आत्ता जीव मुठीत धरून खोटा आव आणतीय. प्रेमानं हसली. पण पोरीला काय दिसलं? आई आपली लाज काढतीय आणि गाव हसतंय. फेटा उतरवून ती घरी गेली. भरलेली बॅग उघडली, कपडे परत कपाटात. आणि म्हणाली, "आई, मी परभणीला जाणार नाही."

"का गं?"

"तुलाच वाटत नाही मला काही येतं, मग मी कुणाच्या जिवावर जाऊ?"

सोमवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस! छबूबाईनं तोंड उघडलं. ओठावर आलं होतं सगळं. पण भीती! तोंड मिटलं आणि म्हणाली, "जेवून घे." आपण काय करतो हो वेगळं? घरात आभाळ कोसळलं तरी आपलं एकच, "जेवून घे!"

शनिवार गेला. रविवारची दिवेलागण झाली. छबूबाई मारुतीला गेली, मयू गिरणीवर. तेवढ्यात भागूआजी आली. गावातली सगळ्यात म्हातारी, पारावरची पहिली जागा तिची. रिकाम्या हातानं आलेली बघून मयूनं विचारलं, "आजी, दळण कुठाय?"

"जळलं मेलं दळण! गिरणी बंद कर आणि चल माझ्यासंगं."

"आई ओरडेल."

"ओरडू दे. तेच तर ऐकवायला नेतेय!"

दोघी पारावर आल्या तर चौदा-पंधरा माणसं बसलेली. सगळी सरकली, पोरीला जागा दिली. आणि मयूनं आयुष्यात पहिल्यांदा आईची कुजबूज ऐकली.

"मारुतीराया, रुसलीय रे ती. शुक्रवारी मी आमटीचं बोलले. खोटं नाही, खारट झालती! पण का झाली ते नाही सांगितलं. एका हातात पळी, दुसऱ्या हातात पुस्तक, मग काय होणार? आणि पांडूतात्याच्या गाईचं वासरू आडवं आलं, तेव्हा भर पावसात दोन तास उभी होती. डॉक्टरांना फोनवर विचारत विचारत मोकळं केलं वासरू! घरी आली ती शेणामातीत भरलेली. मी म्हटलं, आधी आंघोळ कर, घराचा गोठा केलास! आणि आत जाऊन पदर तोंडात धरून रडले. देवा, मी तुझ्याकडं पोर मागितलं होतं, एवढं चांगलं कुठं मागितलं होतं? एवढं दिलंस, आता एक कर. उद्या तिला एसटीत बसव. तूच सांग तिला. माझ्या तोंडून निघत नाही रे, मला भ्या वाटतं."

मंडळी, मारुतीराया निरोप पोचवण्यात पटाईत. लंकेत निरोप नेलेला देव! पण इथं त्याला उडी मारायचं कामच पडलं नाही. निरोप पारापर्यंत आधीच आलेला होता!

पोरगी उठली. डोळे भरलेले, आणि तोंडानं हसतीय. आत जाऊन आईशेजारी बसली. छबूबाई दचकली. आणि काय म्हणाली असेल? "गिरणी कुणाच्या भरवशावर टाकून आलीस?" आई ती आईच!

"बंद करून आले. आई, मारुतीला कशाला मधे घालतेस?"

"तू... कधीपासून ऐकतीयस?"

"आजच."

बाहेरून भागूआजी म्हणाली, "ती आज गं! आम्ही सहा वर्षं ऐकतोय!"

अरे देवा! छबूबाईनं पदरात तोंड लपवलं. "मेल्यांनो! सगळं?"

"सगळं! सायीपासून वासरापर्यंत!"

बाई लाजली, चिडली, आणि एकदम पांढरी पडली. पिठानं नाही हो, भीतीनं! "म्हणजे रोज एवढ्या माणसांनी ऐकलं? आणि माझ्या मयूला नजर..."

"अगं येडे," भागूआजी म्हणाली, "सहा वर्षं पंधरा माणसं रोज तिचं कौतुक ऐकतायत. नजर लागायची असती तर गावातली पहिली डॉक्टरीण व्हायला निघाली असती का ती?"

पंधरा वर्षांची भीती, एका म्हातारीनं फुंकर मारून उडवली. छबूबाईनं लेकीला जवळ ओढलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलली. पारावरच्या सगळ्यांनी कान टवकारले. भागूआजी तर उठून उभी राहिली. पण त्या दिवशी काही ऐकू आलं नाही! सोळा वर्षांत पहिल्यांदा छबूबाई हळू बोलली.

काय बोलली? मला विचारू नका, मयूनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती परभणीला गेली. खिडकीत बसून हसत गेली, एवढं गावानं पाहिलं.

आता माझं सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या थोरलीचा फोन आला. "बाबा, मला बढती मिळाली." मी काय म्हणालो? "बरं. तब्येतीला जप." ठेवला फोन! आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या गावात कीर्तनात तिचं कौतुक वीस मिनिटं केलं. तुमच्यासारख्या हजार लोकांनी ऐकलं. तिनं नाही ऐकलं! हसू नका. महाराज झालो म्हणून शहाणा झालो असं नाही.

देवाला जरूर सांगा. त्यानं दिलं, त्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण देवाला ते आधीच माहीत आहे. वाट बघतंय ते लेकरू. कुणाचं मंडपामागं पत्रावळ्या मांडतंय, कुणाचं पुण्याला नोकरीला आहे, कुणाचं पन्नाशीचं होऊन तुमच्याच शेजारी मांडी घालून बसलंय. काला वाटायला अजून दहा मिनिटं आहेत. मी टाळ खाली ठेवतो, माझा फोन बाहेर काढतो. तुम्हीही उठा. अहो, खरंच उठा! त्या खांबाशेजारचे काका, तुम्ही कुठं बघताय? तुमचा मुलगा तुमच्या डाव्या हाताला बसलाय. मिशा पिकल्या म्हणून काय झालं, तोही वाट बघतोय. वळा त्याच्याकडं, आम्ही कुणी ऐकत नाही.